साडूचं जर्मन जॅकेट

माझ्या साडूकडे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यावरच्या सैनिकाचं चामड्याचं जॅकेट आहे आणि माझ्याकडे नाही. बाकी माझं सगळं ठीक चाललंय.

साडू म्हणजे प्रसाद, माझी मेव्हणी रूपाली हिचा नवरा. तो फुजैऱ्याला तेलाच्या टर्मिनलवर आहे. आम्ही दुबईत, अल कुसैसला. मी एसीच्या डक्टची एस्टिमेट्स करतो. (हे वाक्य चारचौघांत टाकून बघा. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.) प्रसाद नुसता "टर्मिनल" म्हणाला तरी लोक खुर्ची पुढे ओढतात. हे कमी होतं म्हणून की काय, कायमचा मायदेशी निघालेल्या कुणा युरोपियन गृहस्थाकडून त्याने ते जॅकेट घेतलं. चार हजार दिऱ्हॅम, म्हणजे जवळजवळ लाखभर रुपये, हे त्याने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी "अरे वा" म्हणालो.

काळं, जाडजूड, दोन रांगांत बटणं. फुजैऱ्याला त्यांच्या हॉलमध्ये ते हँगरवर लटकतं, आणि लटकतं नेमकं देवघराशेजारी. माझ्या बायकोने, वैशालीने, पहिल्याच दिवशी विचारलं होतं की कुणाच्या अंगावरचं, त्या मेल्याने काय काय केलं असेल, ते देवाशेजारी कसलं लावता? रूपाली म्हणाली, दुसरीकडे खिळा नाही. विषय संपला.

मग दर भेटीत प्रसादचं व्याख्यान. ही जॅकेटं मुळात पाणबुड्यांच्या इंजिनरूममधल्या लोकांसाठी, पुढे रणगाडेवाल्यांना मिळाली. रणगाड्यात आग लागली की कापड भसकन पेटतं, चामडं चार क्षण जास्त टिकतं, तेवढ्यात माणूस बाहेर उडी मारतो. पाहुणे तोंडाचा आ करून ऐकायचे. माझी तेरा वर्षांची मुलगी सई, जी मी बोलायला लागलो की कानात इअरफोन घालते, ती म्हणायची, "काका, दॅट्स सो कूल." खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचं. मीसुद्धा आग लागली तर डक्टमधून धूर कुठे जाईल हे सांगू शकतो. कुणी विचारतं का?

आता इथली एक रीत सांगायला हवी. जुलैत शाळांना सुट्टी लागली की अर्धा गाव भारतात पळतो आणि ज्यांना रजा मिळत नाही त्यांच्या घरी जाणाऱ्यांच्या तुळशी, मासे आणि लोणच्याच्या बरण्या मुक्कामाला येतात. त्या वर्षी मला रजा नव्हती. आमच्या बाल्कनीत पाच तुळशी होत्या. सहावा पाहुणा म्हणून जॅकेट आलं.

प्रसाद म्हणाला, फुजैऱ्याच्या दमट हवेत, बंद घरात, चामड्याला बुरशी धरेल. तुमच्याकडे एसी चालूच असतो. "घडी घालू नका, उन्हात ठेवू नका," तो गाडीत बसता बसता म्हणाला, "आणि मुकुंदराव, घालून बघू नका. तुमचं माप नाही ते." वाईट मनाने बोलला नसेल. पण माझं माप नाही म्हणजे काय?

तीन आठवडे मी त्याच्याकडे बघितलंही नाही. (दिवसातून दोनदा सोडून.) चौथ्या शनिवारी वैशाली आणि सई भाजी आणायला गेल्या. मी एसी अठरावर आणला, श्वास आत ओढला आणि जॅकेट चढवलं. बटणं पोटाशी येऊन थांबली, पण खांदे असे काही दिसत होते म्हणून सांगू! फोटोत फक्त वरचा भाग येईल असा आरशासमोर उभा राहिलो. कॉलेजच्या ग्रुपवर टाकायला मथळासुद्धा ठरवला होता.

तेवढ्यात बेल वाजली. पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेला माणूस होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि दारात मी, वर जर्मन सैन्य आणि खाली हाफपँट. त्याने बाटली आत सरकवली आणि जिना उतरला. तशीच राहू दिली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण अंगात ते जॅकेट होतं ना. मी वाकलो, पाच गॅलनची बाटली एका दमात उचलली आणि डिस्पेन्सरवर पालथी घातली. पाठीमागे टर्रकन आवाज झाला. मला वाटलं कंबर गेली. कंबर गेली असती तर बरं झालं असतं.

वैशाली आली तेव्हा मी जॅकेटमध्येच होतो, कारण ते निघत नव्हतं. तिने पिशव्या खाली ठेवल्या, मला चारी बाजूंनी बघितलं आणि सईला खोलीत पाठवून दार लावून घेतलं. मग दोन्ही बाह्यांना धरून मला त्यातून उपसून काढलं. पाठीवर, उजव्या खांद्यापासून काखेपर्यंत वीतभर तिरकी फाट! "रूपालीला काय तोंड दाखवू?" एवढंच ती म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

मला एवढंच कळत होतं की प्रसाद यायच्या आत हे जॅकेट होतं तसं व्हायला हवं, नाहीतर जन्मभर प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात मी "तो जॅकेट फाडणारा" म्हणून ओळखला जाणार. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून प्रसादचा व्हिडिओ कॉल. जॅकेट दाखवा जरा. मी पाठ भिंतीकडे करून दाखवलं. मागून दाखवा म्हणाला. मी "हॅलो? हॅलो?" करत स्वतःच थिजल्यासारखा बसून राहिलो आणि फोन बंद केला. इथे व्हिडिओ कॉल कसे अडखळत चालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याला शंका आली नाही.

अजमानला खानसाहेब म्हणून एक कारागीर आहेत. सोफे, गाडीच्या सीटा, जॅकेटं, चामड्याचं काहीही शिवतात. त्यांच्यापुढे मी जॅकेट ठेवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की ही ऐंशी वर्षांची ऐतिहासिक वस्तू आहे. त्यांनी अस्तर थोडं उसवलं, आत बोट घातलं, एक धागा ओढून उजेडात धरला.

"साहब, ये नायलॉन है, उस जमाने में सूती धागा होता था," ते म्हणाले. "सियालकोट का माल है. ऐसे तो मैंने अपने हाथ से दो-तीन सौ सिले हैं, फिल्मवालों के लिए."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. माझ्या कानांना इतकं गोड काही कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं. अजमानहून घरी येताना दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकलो, तर गाडीत चक्क गात होतो. लाखभर रुपये आणि नायलॉन!

घरी येऊन वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "छान. आता हे त्यांना सांगणार कसं? अस्तर का उसवलं, तर फाटलं म्हणून. का फाटलं, तर तुम्ही घातलं म्हणून." साडूचं नाक कापायची सुरी हातात, पण धार माझ्याकडे! तिने मला सईच्या डोक्यावर हात ठेवून तोंड न उघडण्याची शपथ घ्यायला लावली. (सई त्या वेळी फोनवर होती, तिला कळलंही नाही.)

खानसाहेबांनी काम अप्रतिम केलं. तेल लावून, घासून, जुनं ते जुनंच ठेवलं. फक्त पाठीवर एक तिरकी, बारीक रेघ राहिली. ऑगस्टअखेर प्रसाद आला, त्याने जॅकेट उलटसुलट केलं, त्या रेघेपाशी थांबला. मग ते हातावर टाकून घेऊन गेला. त्या रात्री मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

गणपतीत त्यांच्याकडे जेवायला गेलो. हॉलमध्ये टर्मिनलवरचे आठ-दहा लोक. पुरणपोळ्या झाल्या, प्रसादने जॅकेट काढलं, आणि यावेळी त्याने ते पाठीकडून धरलं.

"आधी हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "ही रेघ दिसते? तोफगोळ्याची कपची घासून गेलीय. आतून टाके घातलेत, बहुतेक युद्धातच. एका कलेक्टरला फोटो पाठवला, तो म्हणतो किंमत दुप्पट झाली."

लोक एकेक करून उठले आणि माझ्या फाटीवर अलगद बोट फिरवू लागले. एकाने तर डोळे मिटले. सईने फोटो काढला. माझ्याच पाठीने केलेलं कर्तृत्व, आणि त्याचंही कौतुक साडूला! एवढं मात्र माझ्याच्याने सहन होईना. शपथ-बिपथ खड्ड्यात गेली.

"ती कपची नाही, मी आहे," मी उभा राहून म्हणालो. "पाण्याची बाटली उचलताना फाटलं. आणि हे सियालकोटचं आहे. आत नायलॉन आहे."

सगळे पोट धरधरून हसले. प्रसाद सगळ्यात जास्त हसला. म्हणाला, मुकुंदरावांच्या अंगात हे जाईल तरी का? मी वैशालीकडे बघितलं. ती शांतपणे ताटं उचलत म्हणाली, "यांचं आपलं काहीतरीच." मी अस्तर उसवून दाखवायला पुढे झालो, तर दोघांनी मला प्रेमाने धरून खुर्चीत बसवलं. रूपाली कळवळून म्हणाली, "भाऊजी, एवढं आवडत होतं तर एकदा मागायचंत ना, घालायला दिलं असतं."

सई माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. कित्येक महिन्यांनी तिने इअरफोन काढून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "इट्स ओके टू बी जेलस."

त्या दुपारी त्या हॉलमध्ये शंभर टक्के ओरिजिनल अशी एकच गोष्ट होती, आणि ती पोरीने बरोबर ओळखली होती.