मिठागरातल्या अकरा टोप्या

पेन्शनीत निघाल्यावर बाकीच्या केसेस हळूहळू पुसट झाल्या. ही एक मात्र कालच पंचनामा केल्यासारखी आठवते. दुसरं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. उरणच्या बाजूला एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. आज जिथे कंटेनर रचलेले दिसतात, तिथे तेव्हा मिठाचे पांढरे ढीग असायचे. माझी इस्त्री कडक होती आणि आपल्याएवढं हुशार कोणी नाही, अशी पक्की समजूत होती.

मुंबईच्या एका लष्करी गोदामातून, शिपायांनी लढाईनंतर जमा केलेल्या रुंद काठाच्या फौजी हॅट चोरीला गेल्या होत्या. त्यांचं वर्णन आमच्याकडे आलं आणि चारच दिवसांत जमादारांनी खबर आणली. एक म्हातारा आगरी तसली हॅट घालून मिठागरात राबतो, घरातही पेटीभर आहेत. पंच घेऊन गेलो. पेटीत दहा, डोक्यावर एक. म्हाताऱ्याने हरकत घेतली नाही, फक्त म्हणाला, "सायेब, जरा हलू धरा."

ठाण्यात आणून चहा पाजला आणि जबाबाला बसलो.

"कुठून आणल्यास?"

"दर्यानी दिल्या. लढाईच्या टायमाला मोठी भरती आली, तवा बांधाला गठडी लागली."

"मग सरकारजमा का केल्या नाहीस?"

त्याने कनवटीतून एक फोटो काढला. हॅट घातलेला तरणाबांड शिपाई. "ह्यो माजा पोऱ्या. बर्म्याला गेलता. मंग कागूद आला, गावत न्हाय म्हनून. आनी म्हयन्याभरात दर्यानी ह्या धाडल्या. यातली येक त्याची हाय. कंची ती मना कलत न्हाय, म्हनून सगल्या ठेवल्या."

भरतीने बांधावर टाकलेली वस्तू ज्याच्या हाती लागेल त्याची, हा मिठागरांवरचा रिवाज मला ठाऊक होता. कायद्याला तो मंजूर नव्हता आणि मलाही ही गोष्ट रचलेली वाटत होती. पण फोटो पाहिल्यावर त्याला कोठडीत टाकायला हात धजेना. म्हटलं, आधी टोप्यांचं मूळ शोधू.

चौलचे एक निवृत्त सुभेदार बर्म्यात लढून आले होते. त्यांना बोलावलं. त्यांनी एकेक हॅट उलटी करून आतली चामड्याची पट्टी अंगठ्याने चाचपली, वासही घेतला. म्हणाले, "फौजदार, चोरीच्या हॅट शिपायांनी लढाईनंतर जमा केलेल्या आहेत. त्यांत शाईने नंबर असणार, घामाचे डाग असणार. या दहांत काहीच नाही. एकीत एक बसवून बांधल्याच्या वळ्या अजून दिसतायत. हा कोरा माल, बोटीतून चाललेला."

अकरावी मात्र घामाने काळी पडली होती. ही तरी चोरीची असेल, असं मला वाटलं. सुभेदार हसले. "नंबर हिच्यातही नाही. आणि शिपाई डावा काठ वर दुमडतो, बंदूक डाव्या खांद्यावर असते म्हणून. हिचा उजवा दुमडलाय."

ठाण्याच्या अंगणात पाण्याची कावड होती. मी म्हाताऱ्याला हॅट घालून ती उचलायला लावली. त्याने सवयीने उजव्या खांद्यावर घेतली आणि दांडी दुमडलेल्या काठाशेजारी बरोबर बसली. मीठ वाहताना काठ आड येऊ नये म्हणून त्यानेच तो दुमडला होता.

मला कोण आनंद झाला! टेबलावर थाप मारून ओरडलो, "सुटलात बाबा! या टोप्या कुठल्याही शिपायाच्या डोक्यावर कधी चढल्याच नाहीत!"

म्हातारा पेटीकडे बघत राहिला. "म्हंजे यातली येक बी त्याची न्हाय?"

सुभेदार चष्मा पुसत बसले.

पुढे बेवारस माल म्हणून रीतसर मुदत भरली आणि टोप्या त्यालाच परत करण्याचा हुकूम झाला. मी स्वतः त्याच्या घरी गेलो. त्याने कावड वाहताना घालायची तेवढी उचलली. "ही माजी. बाकीच्या न्या सायेब. कुनाच्याच न्हाईत, मंग पेटी कशाला अडवायची?"

खरं शोधून काढलं याचा मला अजून अभिमान आहे. ते त्याच्यासमोर ओरडून सांगितलं, याची लाजही तेवढीच आहे. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, निष्कर्ष सांगण्याआधी समोर कोण बसलंय हे मी बघत आलो.

त्या दहा टोप्या माझी बदली होईपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत होत्या. चार्ज देताना रजिस्टर तपासलं, तर मालकाचा रकाना कोरा होता. तिथे मी त्याच्या मुलाचं नाव लिहिलं. उभ्या नोकरीत जाणूनबुजून केलेली तेवढीच एक खोटी नोंद.