एकोणीस नावांचा खटला

पाथरवट मोठा बोलघेवडा माणूस. थडग्यांचे दगड घडवायचे आणि त्यांवर नावं कोरायची, हा त्याचा धंदा. पण कारखान्यात सुतकी कळा म्हणून नव्हती. मिशीवर पांढरी भुकटी, हातात छिन्नी आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की गप्पा सुरू. भलता कडक असे तो एकाच बाबतीत. नाव नातेवाइकांकडून तीनदा लिहून घ्यायचा. चूक झाली तर दगडावरची खोडायची कशी, म्हणायचा.

युद्ध सुरू झालं आणि त्याच्याकडे येणाऱ्या जन्मतारखा अलीकडच्या होऊ लागल्या. त्याच्या गप्पा आटल्या. एका रविवारी जेवून सोफ्यावर लवंडला असताना त्यानं मोबाईलवर लष्कराची पोस्ट वाचली: यंदाच्या लढाईत या जिल्ह्यातले चार जवान कामी आले. तो ताडकन उठून बसला आणि त्यानं पोस्टखाली लिहिलं, "चार नाहीत. एकोणीस पोरांची नावं मी स्वतः कोरलीत. निदान मेलेल्यांबद्दल तरी खोटं बोलू नका. हे युद्ध थांबवा."

बायकोनं वाचून कपाळाला हात लावला. चौथ्या दिवशी पोलीस आले. मोबाईल, लॅपटॉप, जुना कॅमेरासुद्धा घेऊन गेले. नुकतीच पुसलेली फरशी बुटांनी तुडवली म्हणून बायकोनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

आरोप होता सैन्याच्या बदनामीचा. त्याच्या वकीलबाई वयानं लहान, पण हुशार. मोबाईल दुसऱ्या कुणाच्या हातात होता असं सांगावं, म्हणजे सुटाल, असं त्यांनी सुचवलं. पाथरवटाच्या ते गळी उतरेना.

"लिहिलंय मी, आणि खरं तेच लिहिलंय," तो म्हणाला. "आता हात कसे वर करू?"

सरकारी वकिलाचं म्हणणं सरळ होतं: लष्करानं चार म्हटलं की चार, दुसरा कुठलाही आकडा खोटा. मग एका भाषातज्ज्ञांनी अर्धा तास खर्ची घालून दाखवून दिलं, की 'थांबवा' हा आज्ञार्थ आहे आणि सैन्याला आज्ञा करणं हा अपमान. पाथरवटाला हसू आवरेना. वकीलबाईंनी डोळे वटारले तेव्हा कुठे तो गप्प झाला.

एरवी कोर्टात कुणी फिरकत नसे, निकालाच्या दिवशी मात्र सगळी बाकं भरलेली. एवढी गर्दी कसली, न्यायाधीशांनी विचारलं. पुढच्या बाकावरून शाळेत स्वयंपाक करणारी एक बाई उठली, तिनं आपल्या मुलाचं पूर्ण नाव उच्चारलं आणि ती खाली बसली. मग दुसरी उठली. मग एक म्हातारा बाप. पाचव्या नावाला सरकारी वकिलानं हरकत घेतली. सातव्याला न्यायाधीशांनी दालन रिकामं करायला लावलं. पाथरवट पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. यातलं प्रत्येक अक्षर त्याच्या हाताखालून गेलं होतं.

आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्यानं ती तुरुंगाच्या धुलाईघरात चादरी पिळत काढली. बायको दर भेटीला लोकरीचे मोजे आणि सुनवायला चार शब्द आणायची. दोन्हींनी त्याला ऊब यायची.

सुटून आला तेव्हा निम्मा झाला होता. दुसऱ्याच सकाळी तीन भावंडं भांडत कारखान्यात शिरली. त्यांची आजी वारली होती, सत्त्याण्णवाव्या वर्षी, दुपारच्या झोपेत. दगडावर सगळ्या पतवंडांची नावं हवीत असा एकाचा हट्ट, तर आजीला एवढा गोंगाट सोसायचा नाही असं दुसरीचं म्हणणं.

पाथरवटानं त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि कागद पुढे केला.

"सावकाश ठरवा," तो म्हणाला. "सत्त्याण्णव! असा आकडा कोरून किती दिवस झाले."