गुलाबी फेट्याचा म्होरक्या

“मामा, बघत काय उभे राहिलात? माणसं आत घ्या ना!” मॅनेजर माईक सोडून माझ्यावर ओरडले.

गंगाखेड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मी गेटवर होतो. अंगात निळा युनिफॉर्म, गळ्यात शिट्टी, हातात काठी. काठी माझी, बाकी सगळं कार्यालयाचं. तारीख दाट म्हणून मालकानं एका दिवशी दोन लग्नं घेतली होती. पुढच्या डायनिंग हॉलमधी बोरीच्या एका रिटायर गुरुजींच्या पोरीच्या लग्नाचं जेवण. मागच्या मांडवात पाथरीकडच्या धनगरांचं. गुरुजींकडं अजून अक्षता पडायच्या होत्या. धनगरांकडं पडल्या होत्या, अन् ती तमाम भुकेली माणसं माझ्या अंगावर यायली होती.

मी बी धनगरच. सगळी हयात मेंढरामागं गेली. पन्नाशी उलटली अन् माझी बायको गेली. कौसा. ती गेल्यावर खांड विकली. खांड म्हणजे मेंढरांचा कळप. एकट्याच्यानं होईना. पोरगा पुण्याला चौथ्या मजल्यावर राहतो. “बाबा, इकडंच या” म्हणायचा. जाऊन बघितलं. तिथं सकाळी उठून काय करायचं, तर आपल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघायची. परत आलो अन् ह्या कामाला चिकटलो. महिनाभर ट्रायल होतं. टिकलो न्हाई तर येतो, असं पोराला कबूल केलं होतं. त्यानं तिकडं माझ्यासाठी कॉट बी घेऊन ठेवला होता. त्या कॉटची मला लय धास्ती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मेंढरू कधी एकटं पुढं जात न्हाई. म्हणून खांडात एक शेळी ठेवतात. तिला म्होरकी म्हणायचं. शेळी पुढं झाली की मेंढरं खाली मान घालून मागं निघतात. शंभर मेंढरं हाकायची न्हाईत, एक शेळी हाकायची. कौसा त्या म्होरकीला रोज सकाळी आधी भाकरीचा तुकडा चारायची, मंग खांड सोडायची. मी म्हणायचो, “शेळीला लय चढवून ठेवलंस.” ती म्हणायची, “तुमाला चढवलं तसं.”

तर मी गर्दीत म्होरकी हुडकली. नवरदेवाचा मामा. अंगानं दांडगा, मिशा पांढऱ्या, डोक्यावर भला मोठा गुलाबी फेटा. लांबूनबी दिसंल असा. मी जवळ जाऊन नमस्कार केला.

“पाव्हणं, तुमी मोठे. तुमी म्होरं झाल्याबिगर कुणी हलंना. चला, मागच्या मांडवात पान वाढलंय.”

मामा फुगले. “ह्ये कळतं बघा एखाद्याला,” म्हणले अन् निघाले. मागून सगळं वऱ्हाड. धक्का न्हाई, बुक्की न्हाई. मॅनेजर लांबून बघायले होते. मला वाटलं, गेला कॉट.

पुढच्या हॉलचं दार उघडं होतं. आत गुरुजींच्या जिलब्या निघत होत्या. वास आला. मामा थांबले. नाक वर केलं. अन् सरळ आत वळले.

मी “पाव्हणं, पाव्हणं” करत पळालो, पण खांड कुठं थांबतीय? सगळे गुलाबी फेट्यामागं आत गेले, पटापट पंगतीत बसले. वाढप्यांना वाटलं, गुरुजींचीच माणसं. त्यांनी मीठ वाढलं, चटणी वाढली, जिलबी वाढली. आता भात पडला, वरण पडलं अन् कुणी “होऊ द्या सावकाश” म्हणलं, की गुरुजींच्या पाव्हण्यांना जेवण उरणार न्हाई. पोरीच्या बापाची इज्जत जाणार.

मॅनेजर पळत आले. घामानं शर्ट चिकटलेला.

“मामा, ही कुणाची माणसं?”

“मागच्या मांडवाची.”

“मंग पुढं काय करायलेत?”

“बसलेत.”

“ते दिसायलंय मला! उठवा. न्हाईतर उद्या येऊ नका.”

मी गुलाबी फेट्याजवळ गेलो. हळूच म्हणलं, “पाव्हणं, जरा चुकलं. तुमची पंगत मागं हाय.”

मामांनी मान वर केली. “पानावरून उठवायलास? माणूस हैस का कोण?”

“तसं न्हाई...”

“आमच्या पोराचं लग्न हाय! भिकारी वाटलो का?”

बाजूचे दोघे बाह्या सारायला लागले. त्यांचं बी बरोबर होतं. आपल्याकडं पानावर बसलेल्या माणसाला उठवत नसतात. त्यावरून सोयरिकी मोडल्यात. मॅनेजर हात जोडून “शांतता राखा” म्हणायले होते, शांतता काय त्यांचं ऐकंना. तिकडून भाताच्या बादल्या निघाल्या. माझ्या डोळ्यापुढं चौथा मजला आला.

मी दारात जाऊन उभा राहिलो. काय करावं कळंना. अन् एकदम ध्यानात आलं, ही मेंढरं दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलीत.

मेंढरं पिकात शिरली की एक हाक असते. तिला अर्थ एकच, पळा, न्हाईतर शेतमालक काठी घेऊन येतोय. हाक ज्याची त्याची येगळी, पण कुठल्याबी धनगराला कळती. आमच्या घरात ती कौसा मारायची. माझा गळा घोगरा, मेंढरंसुद्धा माझ्याकडं बघायची न्हाईत. ती गेल्यापसून मी ती हाक मारली नव्हती. त्या दिवशी तोंड उघडलं अन् तिच्याच चालीवर निघाली.

“हुर्रर्र होऽऽ! हाऽऽय हाऽऽय हाऽऽयीऽऽ!”

पंगतच्या पंगत उभी राहिली. म्हातारे, तरणे, सूट घातलेला नवरदेवाचा भाऊ, सगळे. कुणी इचारलंसुद्धा न्हाई की मंगल कार्यालयात मेंढरं कुठून आली.

“कुणाची सुटली रं?”

“कोणच्या अंगाला गेली?”

“मागल्या!” मी काठी दाखवली.

सगळं वऱ्हाड मागं पळालं. सगळ्यात म्होरं गुलाबी फेटा, हातात एक जिलबी तशीच. मी पुढचं दार लावून कडी घातली अन् त्यांच्यामागं पळालो. मांडवात पानं वाढलेली, बुंदीचा ढीग. मामा धापा टाकत इकडं तिकडं बघायले.

“कुठंयत मेंढरं?”

“आली का सगळी?” मी म्हणलं. “मंग बसा.”

मामा माझ्याकडं बघत राहिले. मंग जिलबीकडं बघितलं. मंग असे हसले की फेटा सुटला. “आरं, धनगर हैस व्हय तू? मंग आधी सांगायचं ना,” म्हणले अन् मांडी घालून बसले.

बायकांच्या पंगतीतून एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली. “बाबा, ही हाक कौसाची. एका पावसाळ्यात तुमच्या खांडाशेजारी आमच्या मेंढरांचा वाडा होता. कुठंय ती?”

“न्हाई आता.”

म्हातारीनं माझ्या दंडाला धरलं. मंग म्हणली, “तू जेवलास का?”

तिनं मला शेजारी बसवलं. ड्युटीवर जेवायचं नसतं, पण पानावरून उठवायची कुणाची टाप न्हाई. मॅनेजर येऊन बघून गेले.

तिकडं अक्षता पडल्यावर गुरुजी हॉलमधी आले. पानं वाढून तयार, कुणी धक्काबुक्की करंना. “व्यवस्था फार शिस्तीची आहे तुमची,” म्हणले. मॅनेजरनं “थँक्यू सर” म्हणलं अन् माझ्याकडं बघितलंच न्हाई. महिना भरल्यावर मला कायम केलं. एकच अट घातली, शिट्टी वाजवायची, हाक मारायची न्हाई. पोरानं कॉट विकून टाकला.

आजबी मी त्याच गेटवर हाय. चाळिशी-पन्नाशीतली माणसं येतात. कुणाचं दुकान बसलं, कुणाची नोकरी गेली. इचारतात, नव्या कामात कसं जमलं? मी सांगतो, म्होरक्या निवडताना फेटा बघू नका, पोट बघा. भुकेला म्होरक्या वासामागं जातो अन् सगळ्यांना नेतो. आता मी आधी त्याला बाजूला घेतो, द्रोणभर बुंदी चारतो, मंग वऱ्हाड सोडतो.

वाढपी म्हणतात, “मामा, लय चढवून ठेवता तुमी पाव्हण्यांना.”

मी म्हणतो, “माझ्या बायकोची पद्धत हाय.”