मास्तरांकडच्या किल्ल्या

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. त्यांतल्या अकरा घरांच्या जादा किल्ल्या तळमजल्यावरच्या मास्तरांकडे असायच्या. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं दुकानात कपडे बेतले. बायको गेल्यावर दुकान बंद करून मशीन घरी आणलं आणि खिडकीपाशी बसून लोकांच्या पँटी आखूड करायला लागले. आमचं दार त्यांच्या दारासमोरच.

किल्ल्यांवर नंबर घालायला त्यांचा ठाम नकार. "चोराला पत्ता लिहून देऊ काय?" म्हणायचे. त्याऐवजी ज्या घरची किल्ली, त्या घरासाठी शिवलेल्या कपड्याची चिंधी तिला बांधलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या किल्लीला पिवळ्या पडद्याची, आमच्या किल्लीला माझ्या निळ्या रेघांच्या शर्टाची. कुणाचा नळ चालू राहिला, कुणाला इस्त्री बंद केल्याचं आठवेना, की मास्तरांना फोन. मास्तर चपला दाराबाहेर काढायचे, रिकाम्या घरात "आत आलोय हो!" असं ओरडायचे आणि काम उरकून तसेच मागे फिरायचे. संध्याकाळी मात्र त्या घरच्यांना भर जिन्यात झापायचे. "जाताना डोकं बरोबर नेत जा!" त्या झापण्याचीच त्यांना हौस होती. दुसरं होतंच काय त्या माणसाकडे?

आता माझ्या घरचं सांगतो. दोन दिवस मेहुणीकडे गेलो होतो. न्हाणीघरातला नळ चालू राहिला म्हणून मी फोन केला, मास्तरांनी जाऊन बंद केला. परत आलो, तर बायकोची सोन्याची साखळी सापडेना. कपाट उपसलं, डबे उपडे केले. दुसऱ्या दिवशी बायको जिन्यात नर्सबाईंना म्हणाली, "आमची किल्ली कुणाकडे असते, ते मी सांगायला नको." एवढंच. नाव घेतलं नाही. मी मागेच उभा होतो. तोंडात मूग धरून.

मग कुलपं बदलायला सुरुवात झाली. "संशय नाही हो, पण विषाची परीक्षा कशाला घ्या?" जो तो असंच म्हणायचा. मास्तर दुपारी दोन तास झोपतात, तेवढ्यात काम उरकून घ्यायचं. जुन्या किल्ल्या कुणी परत मागितल्या नाहीत, कारण मागायच्या तर कारण सांगावं लागलं असतं. साखळीचंही त्यांच्या कानावर कुणी घातलं नाही. अळीमिळी गुपचिळी. निकामी किल्ल्या खिळ्यांना लटकत राहिल्या आणि मास्तर दर रविवारी त्यांना मशीनच्या तेलाचं बोट लावत राहिले. फोन यायचे थांबले. "लोक सुधारले वाटतं," ते मला म्हणाले, जरा नाराजीनंच.

आमची साखळी नवव्या दिवशी सापडली. उशीत. जाताना बायकोनं अभ्र्याच्या चोरखिशात ठेवली होती आणि साफ विसरली होती. तो चोरखिसा तिनं मास्तरांकडूनच शिवून घेतलेला. शिवताना ते म्हणाले होते, "ठेवाल आणि विसराल, वहिनी." काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग हसू ओसरलं.

"आता सांगायचं कसं?" ती म्हणाली. "सगळे मलाच बोलतील."

"सांगूच नकोस. त्यांना तरी कुठे काय कळलंय?" मी म्हणालो.

तोवर चारच कुलपं बदलली होती. उरलेली सहा आमच्या डोळ्यांदेखत बदलली. आमचं बदलायची आम्हाला गरज उरली नव्हती. साखळी ती दार लावून घालायला लागली.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, नर्सबाई कामावर असताना त्यांच्या दाराखालून पाणी जिन्यात आलं. सगळे जमले. मास्तर तेल लावायला काढलेल्या सगळ्या किल्ल्यांचं जुडगं घेऊन, गुडघे धरत तीन मजले चढून आले, चपला काढल्या आणि पिवळ्या चिंधीची किल्ली लावली. फिरेना. काढली, पुसली, पुन्हा लावली.

"वाकली की काय?" ते म्हणाले.

सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. शेवटी शेजारचे कारकून म्हणाले, "मास्तर, कुलूप बदललंय त्यांनी. ते... यांच्या साखळीच्या भानगडीनंतर सगळ्यांनीच बदललीत."

"कसली साखळी?"

कारकुनांनी सांगितलं. कुणीतरी गच्चीवर पाणी बंद करायला पळालं. मास्तरांनी जुडग्यातली पुढची किल्ली काढली आणि कारकुनांच्याच दाराला लावून बघितली. मग त्यापुढच्या दाराला. मग खालचा मजला, मग त्याखालचा. प्रत्येक दारात घरचे उभे, आणि हा म्हातारा त्यांच्यासमोर त्यांचीच किल्ली फिरवून बघतोय. एकानंही त्यांचा हात धरला नाही. मीही मागोमाग उतरत होतो.

शेवटी आमचं दार. आत बायको होती, गळ्यात साखळी. मास्तरांनी निळ्या चिंधीची किल्ली लावली. ती फिरली.

दार बोटभर उघडलं. "आत आलोय हो!" ते सवयीनं म्हणाले आणि लगेच ओढून घेतलं. कामाशिवाय ते कुणाच्या घरात कधी शिरले नव्हते.

वळले तेव्हा डोळे भरले होते. "ज्याचं गेलं, त्यानंच तेवढं कुलूप बदललं नाही," ते मोठ्यानं म्हणाले, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. माझा हात तेलकट हातांत धरला. मग हळूच म्हणाले, "शेजारी, तो अभ्र्याचा चोरखिसा. त्यात बघितलंत ना नीट?"

जिन्यात सगळी इमारत उभी होती. 'सापडली' एवढा एक शब्द पुरला असता.

"बघितला," मी म्हणालो. "रिकामा होता."

दुसऱ्या दिवशी दहा दारांच्या कड्यांना दहा किल्ल्या अडकवलेल्या होत्या, चिंध्या सोडवून. आमची तेवढी खिळ्यावर आहे. आम्ही बाहेर पडलो की मास्तर मशीन बंद करून आमच्या दारासमोर खुर्ची टाकून बसतात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

"तुमचं एकदा गेलंय," परवा म्हणाले. "माझ्या देखत पुन्हा जायचं नाही."