काकूनं मोडलेलं सामायिक

माझ्या हातून खून होणार होता. तो अडवणारी बाई आज सकाळी गेली.

इंदूकाकू. शिरपूरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. जैन घर, एकटी बाई.

रोज सकाळ-संध्याकाळ तिचं सामायिक. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, मनात कुणाबद्दल वैर ठेवायचं नाही. दारात पाहुणे ताटकळले तरी ती हलायची नाही.

"काकू ऑफलाइन गेली," असं मी चिडवायचो.

पाच-सहा वर्षं झाली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या चुलतभावानं, संजूनं, माझ्या बाच्या कानाखाली मारली. भर बाजारात, आमच्या भाजीच्या दुकानासमोर.

मी थेट काकूच्या ओसरीत घुसलो. आमची कुऱ्हाड तिथंच असायची. तिची लाकडं मीच फोडायचो ना.

ती सामायिकात बसलेली.

कुऱ्हाड उचलून वळलो, तर ती दारात उभी.

"काकू, उठली काहून? मोडलं ना तुयं!"

"मोडलं. कोठी चालला?"

"सरक."

"आता मले पयल्यापासून बसा लागते. तूबी बस. मंग जाजो, मी अडवत नाई."

का बसलो, अजून कळत नाही.

कुऱ्हाड तिनं मागितली नाही. माझ्या मांडीवरच राहू दिली.

डोकं नुसतं भणभणत होतं. मध्येच बाहेर संजूची बाइक थांबली.

"भाईर निंघ बे! बापावानीच भेकड हाय का?"

माझी मूठ दांड्यावर आवळली. काकूकडं पाहिलं. डोळे मिटलेले, पण ओठ थरथरत होते. बाई घाबरली होती. माझ्यामुळं.

तरी जागची हलली नाही. मग मलाच उठता येईना.

बाइक गेली. वेळ संपली.

"जाय आता," ती म्हणाली.

मी ढसाढसा रडलो. दुसऱ्या दिवशी बाला घेऊन ठाण्यात गेलो, रीतसर कम्प्लेंट दिली.

सामायिक मोडलं म्हणून काकूनं दोन दिवस उपास केला. वरून मलाच म्हणाली, "तू जेवला का?"

संजू, तेव्हापासून आपण बोललो नाही. आज तिला खांदा द्यायला तू माझ्या पुढं होतास. तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहितो.

त्या दिवशी तू बाहेरून हाका मारत होतास, तेव्हा दाराआड माझ्या मांडीवर कुऱ्हाड होती. अन् तुझ्या-माझ्यामध्ये काकू बसली होती.

काकू, मनापासून श्रद्धांजली. जाय निवांत.