शिलाईचे का प्रार्थनेचे?

"हे शिलाईचे का प्रार्थनेचे?"

हातावर नोट ठेवली की ते आधी हे विचारायचे. शिलाईचे म्हटलं, तर नोट खिशात जायची. प्रार्थनेचे म्हटलं, तर ती देणाऱ्याच्याच मुठीत परत कोंबायचे आणि वरून मूठ घट्ट मिटून द्यायचे. त्यांची घट्टे पडलेली बोटं इतकी राकट होती की मूठ सोडवता यायची नाही.

निघोजेच्या रस्त्याला, आमच्या ट्रान्सपोर्टच्या आवारासमोर त्यांची पत्र्याची शेड होती. ते ख्रिस्ती पाळक, वय झालेले, नगरकडून आलेले. आम्ही सगळे त्यांना पास्टर म्हणायचो. आठवडाभर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे आणि रविवारी त्याच शेडमध्ये उपासना घ्यायचे. येणारे म्हणजे कंपन्यांतले कंत्राटी कामगार आणि आमच्या आवारातली लोडिंगची पोरं. बसायला घडी केलेल्या ताडपत्र्या. मी आवाराचा सुपरवायझर, त्यांच्या धर्माचाही नाही, पण आमच्या ताडपत्र्या त्यांच्याकडे जायच्या आणि त्या निमित्ताने मीही.

धर्माचं सांगणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. त्यातल्या किती जणांच्या हातात दाभण पाहिलंत, आठवून बघा.

एकदा मी विचारलंच, दान घेतलं तर बिघडतं कुठे?

"आमच्यातले पहिले शिकवणारे तंबू शिवायचे, साहेब. दिवसा तंबू, संध्याकाळी उपदेश. मला ताडपत्री जड आहे का?"

शेजारचे रेडिएटरवाले चाचा चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "आमच्यातले जुने उस्ताद पण कापडाचा धंदा करायचे, कुणी कुलपं बनवायचे." मग मला आमचे संत आठवले. कुणी शिंपी, कुणी कुंभार, कुणी माळी. मी म्हटलं, हे सगळे एकाच आठवडी बाजारात भेटले असते.

"आणि देवाचं राहू दे बाजूला, भाव करत बसले असते," पास्टर म्हणाले. चाचांना हसता हसता ठसका लागला.

पुढे एक लेबर कॉन्ट्रॅक्टर उपासनेला येऊ लागला. रावेतला हॉल घेऊन देतो म्हणाला, घरखर्चही माझ्याकडे. पास्टरांनी नको म्हणून मान हलवली. पुढच्याच रविवारी त्याच्या देखत त्यांनी सांगितलं, की पोरांचा ओव्हरटाइम कापून देवाला हॉल बांधता येत नाही. तो माणूस पुन्हा आला नाही.

"त्याचा हॉल घेतला असता, तर माझी जीभ उचलली असती का?" पास्टर मला म्हणाले. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला.

मग आमच्याकडे बंद बॉडीचे कंटेनर येऊ लागले. कंटेनरला ताडपत्री लागत नाही. उघडे ट्रक एकेक करून विकले गेले. प्रत्येक ट्रक गेला की समोर शेडच्या दारात पास्टर रिकामं दाभण घेऊन बसलेले दिसायचे. एक दिवस ते चहाला नको म्हणाले. दुसऱ्या दिवशीही म्हणाले. हा माणूस जेवतो तरी का, हे विचारायची माझी हिंमत होईना. विचारलं असतं तर हो म्हणाले असते.

आणि अचानक काम वाढलं. उरलेल्या ट्रकच्या ताडपत्र्या भराभर फाटू लागल्या. पास्टर पुन्हा चहा घेऊ लागले, गुणगुणू लागले. मी मात्र धास्तावलो. वर मालक विचारत होते, एवढ्या ताडपत्र्या फाटतात कशा?

एका शनिवारी पास्टरच एक ताडपत्री खांद्यावर टाकून माझ्याकडे आले. टेबलावर पसरून म्हणाले, "बोट फिरवा."

फाटलेल्या कडेला धागे सुटतात. इथे कड सरळ होती, ब्लेडने कापल्यासारखी.

"माझीच पोरं, तुमच्या लोडिंगवरची," ते म्हणाले. "दान घेत नाही म्हणून काम उभं करून दिलं मला. आणि मी खुळा, देवाचे आभार मानत होतो." ते खुर्चीत बसले. मालकांना सांगितलं तर पोरांची नोकरी जाणार. नाही सांगितलं तर माझी. "उद्या या," एवढंच म्हणून ते गेले. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

रविवारी त्यांनी उपदेश केला नाही. कापलेल्या ताडपत्र्या मधे पसरल्या आणि प्रत्येकाच्या हातात दाभण दिलं. "कापलं तुम्ही. शिवा." लोडिंगचा मुकादम, जालन्याकडचा धिप्पाड गडी, रडू लागला. "पास्टर, तुमी उपाशी निजताव, आमाला काय दिसत न्हाई का?"

"उपाशी होतो तेव्हा मला झोप लागायची रे," पास्टर म्हणाले.

सगळे खाली मान घालून शिवत राहिले. संध्याकाळी पास्टर माझ्याकडे आले, नोटांची गुंडाळी माझ्या मुठीत कोंबली आणि मूठ मिटून दिली. "हे शिलाईचे नाहीत, साहेब. कापलेल्या ताडपत्र्यांचे आहेत, मालकांना द्या. सांगा, शिवणाऱ्याची चूक होती, तो गेला."

मी तसंच सांगितलं. पोरांची नोकरी वाचली, माझीही. सोमवारी शेडला कुलूप होतं. कुठे गेले, नगरलाही कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मुकादम बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचा, ताडपत्री शिवणारा कुणी म्हातारा दिसला का? ड्रायव्हर नाही म्हणायचे. मी काही विचारायचो नाही, पण माझा कान तिकडेच असायचा.

परवा एक ड्रायव्हर म्हणाला, "हाय की. साखर कारखान्याच्या गेटावर. चार पैसे जास्त देत होतो, तर मलाच इचारतो, हे शिलाईचे का प्रार्थनेचे? मी म्हणलं, चहाचे. तर चहा पिला आन् उरलेले परत दिले."

मुकादम धावत त्याच्या ट्रकवर चढला. मीही चढलो. ताडपत्रीवरची शिवण पास्टरांचीच होती, शेवटची गाठ त्यांची होती. पण टाके लांब लांब पडले होते, दोन ठिकाणी तर कड सोडून गेले होते. मुकादमाने त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना नीट दिसत नाही, हे दोघांनाही कळलं होतं.