जर्मन कवितेला लावलेली चाल

त्या सरांचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून मी कृतघ्न वाटेन.

खराडीच्या त्या फ्लॅटवर घरकामाच्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोने मला पाठवलं ते म्हाताऱ्या सरांना सांभाळायला. मी वाशीमकडची, आठवीत शाळा सुटलेली. राहणं-खाणं तिथेच, काम गेलं असतं तर डोक्यावरचं छप्परही गेलं असतं. सरांची नजर अधू झाली आणि वाचायचं कामही माझ्यावर आलं. ते कवितेच्या छंदांवर पुस्तक लिहीत होते. ग्रीक, संस्कृत, जर्मन कविता त्यांनी पूर्वीच मोठ्या देवनागरी अक्षरांत उतरवून ठेवल्या होत्या. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी ऐकून पुस्तकाचा मजकूर सांगायचा, तो मी लिहून घ्यायचा.

संस्कृत, ग्रीक जमलं. तिथे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, एवढंच जपायचं. आमच्या शाळेत प्रत्येक कवितेला चाल असायची; ती लावली की सगळं आपोआप बसायचं. सर ओरडले नाहीत, म्हणजे खूश असणार असं मी धरून चालले.

मग जर्मन आलं. मी तशीच चाल लावली.

"अहो, थांबा! हा भोंडला नाही."

पुन्हा वाचलं. त्यांनी फरशीवर काठी आपटली.

"जुने लोक अक्षराची लांबी मोजायचे. जर्मन आघात करतो, आघात! लाल रेघ मारलीय तिथे जोर द्यायचा. आपण ते अक्षर ताणताय. शाळेत फक्त गायलाच शिकवलं का?"

"शिकवलं तेवढं शिकले, सर."

"ते ऐकू येतंय."

चार दिवस हेच चाललं. पाचव्या सकाळी उपम्याची बशी पुढे ठेवली, तर म्हणाले, "आज जमलं नाही तर ब्यूरोला फोन करतो. शिकलेली बाई पाठवतील. आपण गावी जाऊन ओव्या म्हणा."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. कागद उचलला आणि एकेक शब्द त्यांच्या अंगावर फेकावा तसा वाचला. त्या रागात चाल निघेना. लाल रेघ आली की हातातला चमचा टेबलावर आदळत होता. त्या जागी मला काय दिसत होतं, ते लिहीत नाही.

ओळ संपली. काठी वर उचललेली होती, ती तशीच राहिली. दुसरा हात फोनवर होता. तो त्यांनी काढून घेतला आणि बशी चाचपली.

"चमचा वाकवू नका, मला खायचंय अजून," ते म्हणाले. "पुढची ओळ."

मी वाचली. राग पुरेसा शिल्लक होता.